कुणाच्या हवाल्यानं?

"आज लई उकडतंय, सर," असं म्हणत मी पहिल्यांदा कादरी सरांच्या खोलीत शिरले. खुर्चीत डोळे मिटून बसलेले सर तसेच म्हणाले, "कुणाच्या हवाल्यानं?" मी गांगरले. तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला. "घाम तुलाच आलाय ना? मग तू प्राथमिक साधन. मान्य. बस."

सर माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. सगळे 'संदर्भ' म्हणत, सर मात्र 'हवाला'. छावणीतल्या त्यांच्या घरीही हाच खाक्या होता. एकदा जेवताना सरांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या चाची, म्हणाल्या, मटणाचं सालन खारट झालंय. सर लगेच, "किसने बोला?" चाचीही काही कमी नव्हत्या. "मेरी जबान ने," म्हणाल्या आणि पाण्याचा पेला त्यांच्यापुढं सरकवला.

माझा विषय होता मेंढपाळांच्या हाका. मेंढरांना पाण्यावर बोलवायची हाक वेगळी, माघारी वळवायची वेगळी, चुकलेल्या कोकरासाठीची तर फारच वेगळी, गाण्याच्या काठावर येऊन थांबणारी. दुपारी मी फोनवर केलेलं ध्वनिमुद्रण सरांना ऐकवायची. खिडकीतून पिवळं ऊन यायचं, पंखा संथ घरघरायचा, हाकांच्या मागं कुठंतरी घंटा किणकिणायच्या. खोलीच्या भिंती विरघळून गेल्यात आणि आपण माळावर बसलोय असं मला वाटायचं.

हाक संपली की सर हळूच म्हणायचे, "आता हिला घर दे." म्हणजे प्रबंधाच्या शेवटच्या सूचीत तिची नोंद कर. पुस्तकाला पान असतं, वर्तमानपत्राला तारीख असते, हे मला ठाऊक होतं. संकेतस्थळाबाबत सर म्हणाले, "ते आज हाय, उद्या नाय. म्हणून आपण कधी पाहिलं ते लिहायचं. माणसाचं बी तसंच, बेटा." आणि पुन्हा डोळे मिटले.

बहुतेक हाका मला करमाडच्या लक्ष्मीबाई नावाच्या म्हातारीनं दिल्या होत्या. आमच्या संशोधन केंद्रात अशा ठिकाणी 'एक वृद्ध स्त्री, करमाड' एवढं लिहायची रीत होती. सरांना ती मुळीच पटेना. "मेंढरांना नावं, अन् हिला नाय?" म्हणाले आणि रविवारी माझ्यासोबत बसमध्ये चढले.

लक्ष्मीबाई लिंबाखाली लोकर पिंजत बसली होती. सर तिच्यासमोर मातीतच बसले. "आक्का, आमच्या पोरीला तुमचा हवाला द्यायचाय."

म्हातारी दचकली. तिला 'हवाली' ऐकू आलं. "मला अन् कुनाच्या हवाली करता रं बाबा? एकडाव बापानं केलं तेवढं बास झालं. तवाच माझं नावबी गेलं."

मला हसू फुटणार होतं, पण सरांचा चेहरा बघून ते विरलं. "काय नाव होतं, आक्का?"

वाऱ्यानं लोकरीचा एक पुंजका उडाला, तो तिनं जाऊ दिला. "ठकू. शिंगाड्याची ठकू."

"आन् या हाका कुठल्या?"

"बापाकडच्याच की. सासरी मेंढरं कुठं व्हती?"

परतताना बसमध्ये सर म्हणाले, "म्हातारी चुकली नाय. हवाला म्हंजे ज्याची चीज त्याच्या हवाली करणं. हाका माहेरच्या, तर नाव बी माहेरचं."

मी नोंद केली: 'शिंगाडे, ठकू. मुलाखत, करमाड.' केंद्रानं ती अडवली. आधार कार्डावर लक्ष्मीबाई आहे, ठकू नावाची बाई कागदोपत्री नाही. नोंद बदला, नाहीतर पदवी अडेल. मी घाबरून सरांकडं धावले. "तोंडी परीक्षेला मी हाय ना," सर म्हणाले, आणि नोंद तशीच ठेवून मी निर्धास्त झाले.

परीक्षेआधीच सर गेले. दुपारी खुर्चीत डोळे मिटले, ते उघडलेच नाहीत. चाचींनी मला जवळ घेतलं तेव्हा मी लहान मुलीसारखी रडले. परीक्षेची भीती त्या रडण्यात होती, पण ती थोडीच.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच नोंदीवर बोट ठेवलं. मी म्हणाले, "सर, हवाला म्हणजे ज्याची चीज त्याच्या हवाली करणं. ती लक्ष्मीबाई होण्याआधीच्या या हाका आहेत."

"हे मत कुणाचं?"

प्रश्न किती ओळखीचा होता! माझा आवाज आपोआप स्थिर झाला. "कादरी सर. व्यक्तिगत संभाषण. करमाडहून येताना, बसमध्ये."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला आणि पान उलटलं. नोंद तशीच राहिली.

बांधलेला प्रबंध घेऊन मी करमाडला गेले. लिंबाखाली ऊन-सावली हलत होती. तिला वाचता येत नाही, म्हणून सूचीच मोठ्यानं वाचू लागले. एकेक नाव येत होतं, ती आपली लोकर पिंजत होती. "शिंगाडे, ठकू," मी वाचलं.

तिचा हात थांबला. "ओ," म्हातारी म्हणाली. मग माळाकडं बघत तिनं विचारलं, "कुनी हाक मारली गं?"

"सरांनी," मी म्हणाले.