पिलसुनच्या तेनजांगचा फलक

कोरियातल्या सुनछांगजवळच्या एका गावात पिलसुनच्या तेनजांगला, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याला, मोठं नाव होतं. सोयाबीन शिजवून कुटायचं, त्याच्या विटा पेंढ्याच्या दोरीनं टांगायच्या, बुरशी धरली की मिठाच्या पाण्यात मुरत घालायच्या. सासूनं शिकवलेलं हे काम ती इमानानं करत आली होती. मग टीव्हीवर कुणीतरी सांगितलं, तेनजांगनं कॅन्सर पळतो. तिच्या मुलानं, कीचोलनं, दुसऱ्याच दिवशी दारावर फलक ठोकला: 'कॅन्सर दूर ठेवणारं तेनजांग'. सोलहून गाड्या यायला लागल्या. पिलसुनला हे जरा अतीच वाटत होतं, पण पोराचा उत्साह बघून तिनं फलक राहू दिला.

त्या हिवाळ्यात तिच्या नणंदेच्या, मालनमच्या पोटात कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, लगेच काढून टाकू. मालनमनं ऑपरेशनची तारीख टाळली आणि बोचकं घेऊन वहिनीच्या दारात उभी राहिली.

"वहिनी, सगळ्यात जुन्या रांजणातलं दे. आता तेच माझं औषध."

"अहो वन्सं, हे आमटीत घालायचं. आमटीनं कुठं गाठ विरघळते?"

"मग दारावर लिहिलंय ते काय खोटं?"

पिलसुन तशीच मागं वळली. तिनं कीचोलला गाठलं. "तूच सांग आत्याला."

"मी काय सांगू? टीव्हीवर डॉक्टरच बोलत होता, आई. आणि आत्याला बरं वाटतंय ना?"

खरंच, मालनमला पहिले काही आठवडे बरं वाटलं. ती हसायची, रांजण पुसायची. तिचा हा नाद सुटावा म्हणून पिलसुन तिच्या आमटीत तेनजांग हळूहळू कमी घालायला लागली. मालनमला चवीवरून कळलंच. "माझ्याच बाबतीत हात आखडता होय?" म्हणून ती फुरंगटून बसली.

मग एका सकाळी तिला रक्ताची उलटी झाली.

पिलसुननं पहार घेतली आणि फलक उचकटला. अंगणात गिऱ्हाइकांची गाडी उभी होती. "हे जेवण आहे, औषध नाही! आजारी असाल तर दवाखान्यात जा!" ती ओरडली. कीचोल मध्ये पडायला आला, पण तिचा चेहरा बघून मागे सरला आणि आत्याला दवाखान्यात न्यायला त्यानं आपली गाडी काढली.

ग्वांगजूच्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं. गाठ यकृतापर्यंत गेली होती.

"वहिनी, तेव्हाच आले असते तर?" मालनमनं विचारलं.

पिलसुन तिचे पाय चेपत राहिली.

जवाच्या कापणीआधी मालनम गेली. तिची मुलगी अंत्यविधीत मामीशी एक शब्द बोलली नाही. पिलसुननंही माफी मागितली नाही. मागायची ती कुठल्या तोंडानं?

पुढच्या हिवाळ्यात तिनं सोयाबीन शिजत घातलं, पण घरापुरतंच. कीचोल शेजारी कुटायला बसला.