मास्कमध्ये थुंकण्याविषयी

पाण्याखाली घालायच्या मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून काय करायचं, ते आमच्या शिक्षकाने पहिल्याच रविवारी सांगून टाकलं होतं. "आतून थुंका, बोटाने सगळीकडे फिरवा, एकदा पाण्यात बुडवून काढा आणि लगेच घाला. बस." दादरच्या तरणतलावाच्या काठावर आम्ही सात-आठ जण स्कूबा डायव्हिंग शिकायला बसलो होतो; वर्ग संपला की मालवणला बोटीने नेऊन समुद्रात उतरवणार होते. सगळ्यांनी एका सुरात "ई" केलं.

मी परळच्या एका लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांच्या लघवीच्या आणि बेडक्याच्या डब्या हाताळते. माझीच थुंकी माझ्याच मास्कला लावण्यात किळस कसली? ज्या शहरात जिन्याच्या कोपऱ्यात कुणी पिचकारी मारू नये म्हणून देवांच्या टाइल्स बसवाव्या लागतात, तिथल्या लोकांना एकाएकी थुंकीचं वावडं झालं होतं.

नव्या मास्कचं आणखी एक असतं. कारखान्यातून येताना काचेला आतून एक अदृश्य तवंग असतो. तो निघाला नाही तर थुंकीही टिकत नाही. मी डिलाईल रोडला घरी आल्याबरोबर स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी उभी राहिले आणि साधी पांढरी टूथपेस्ट घेऊन काच बोटाने रगडली. धुतली, पुन्हा रगडली. नवरा चहाचा कप ठेवायला आला.

"आता चष्म्याचेपण दात घासणार काय तू?"

"तुझी कवळी झाली की तीपण घासेन," मी म्हटलं. तो गेला.

माझी काच त्यानंतर एकदाही धूसर झाली नाही. पण स्कूबामध्ये आपली काच स्वच्छ असून भागत नाही. तिथे एकट्याने खाली जात नाहीत, जोडी लावून देतात, आणि एक वर आला की दुसऱ्यालाही निमूट वर यावं लागतं. माझ्या वाट्याला आले ते मूळचे गिरगावचे एक गृहस्थ. लोअर परळच्या काचेच्या इमारतीत मोठ्या हुद्द्यावर होते. प्रत्येक वस्तू त्यांनी परदेशातून मागवलेली. मास्क कपाळावर चढवून ते काठावर फेऱ्या मारत. कपाळाच्या घामाने आणि उबेने काच आतून गरम होते, मग पाण्यात गेल्यावर वाफ धरते, हे शिक्षकाने त्यांना तीनदा तरी सांगितलं असेल. पण मास्क गळ्यात लटकवला की ऐट राहत नाही.

वाफ धरू नये म्हणून त्यांच्याकडे खास बाटलीतला फवारा होता. तो ते देवाला अत्तर लावावं तसे दोन बोटांनी लावत. नवी काच एकदाही घासलेली नव्हती, म्हणून फवाऱ्याचे थेंब तवंगावरून ओघळून जात. खाली गेलं की मिनिटाभरात काच पांढरी. मग हे हातवारे करत वर, आणि यांच्यामागे मी.

"टूथपेस्ट लावा," मी सांगितलं.

"ताई, एवढ्या महागाच्या काचेला टूथपेस्ट?"

शेवटी लावली. वर्ग संपायच्या आदल्या रविवारी थुंकलेसुद्धा, पाठ वळवून. मला बरं वाटलं. मग बघते तर गृहस्थ मास्क घेऊन नळाकडे निघाले. हँडवॉश लावून तो आतून-बाहेरून तीनदा धुतला, रुमालाने कोरडा पुसला.

"अहो, हे काय केलंत?"

"उष्टं होतं ना. घरी आई अजून उष्ट्याखरकट्याचं फार पाळते. सवय आहे."

"पण तेच तर ठेवायचं होतं काचेवर."

"थुंकलो ना मी? मग झालं की."

स्वतःची थुंकी स्वतःला उष्टी लागणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. त्या दिवशीही आम्ही दोघं अर्ध्यावरून वर आलो. शिक्षकाने मला बाजूला घेतलं. "मॅडम, पुढच्या संडेला पण हे वर आले तर तुमची जोडी मालवणच्या बोटीवर नाही घेऊ शकत. समुद्रात असं धडपडत वर येणं डेंजर असतं. तुम्हाला दुसरा पार्टनर द्यायला माझ्याकडे माणूस नाय."

मालवण माझ्या वडलांचं गाव. तिथल्या समुद्रातलं मी जन्मभर तळून खाल्लंय, त्याला पाण्यात कधी पाहिलं नव्हतं. रजा मंजूर झाली होती. ती या माणसाच्या सोवळ्यापायी वाया घालवायची माझी तयारी नव्हती.

शेवटच्या रविवारी मी त्यांचा फवारा माझ्या पिशवीत टाकला आणि नळाच्या वाटेत उभी राहिले. "थुंका," मी म्हटलं.

त्यांनी मास्क तोंडाशी नेला. गाल आत ओढले, पुन्हा ओढले. काही येईना. ओठ पांढरे पडले होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं, गडी पाण्याला घाबरतो. सोवळं-ओवळं वरवरचं. काच धूसर झाली की वर यायला कारण मिळत होतं. इतके रविवार मी याच्या भीतीमागे वर येत होते आणि हा मला आईचे नियम ऐकवत होता.

"तोंड कोरडं पडलंय," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक.

"मग आज राहू दे म्हणता?"

त्यांनी काठाकडे बघितलं. बाकीच्या जोड्या पाण्यात उतरल्या होत्या, शिक्षक आमच्याकडे बघत होता. मग त्यांनी मास्क माझ्यापुढे धरला आणि मान फिरवली.

"तुम्हीच करा."

मी केलं. चांगलं भरपूर. बोटाने कडेपर्यंत फिरवलं, एकदा बुडवला आणि त्यांच्या हाताला नळ लागायच्या आत तोंडावर चढवून पट्टा ओढला.

खाली त्यांची काच लख्ख होती. आतले डोळे मला स्पष्ट दिसत होते, बशीएवढे. दोनदा त्यांनी वर बोट दाखवलं. मी त्यांच्या काचेवर टकटक केली, नाही म्हणून मान हलवली आणि त्यांचा दंड धरून ठेवला. तिसऱ्यांदा त्यांनी बोट दाखवलं नाही. शिक्षकाने खूण केली तेव्हाच आम्ही वर आलो.

"दोघं चला मालवणला," शिक्षक म्हणाला.

गृहस्थ नळाशी गेले आणि साबण लावून बराच वेळ तोंड धुवत राहिले. मग टॉवेल खांद्यावर टाकून माझ्याजवळ आले.

"ताई, हे कुठे बोलू नका हं."

"तुमची भीती की माझी थुंकी?"

त्यांनी टॉवेलने पुन्हा एकदा तोंड पुसलं. मी पिशवीतून त्यांचा फवारा काढून दिला आणि सांगितलं, की मालवणच्या गाडीत हवं तर माझ्यापासून चार सीट लांब बसा, पण बोटीवर चढताना भरपूर पाणी पिऊन या, तोंड कोरडं पडायला नको.