राखेची माती

बाबा मातीच्या सर्वेक्षणात मदतनीस होते. साहेब लोक मातीचे वर्ग ठरवायचे. त्यासाठी खड्डे बाबा खणायचे. एकदा डबा खाताना साहेबांनी त्यांना ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या मातीबद्दल सांगितलं. ती वजनाला हलकी असते. चिमटीत दाबली की पाणी सुटल्यासारखी बुळबुळीत होते आणि सोडली की पुन्हा घट्ट. बाबांनी हे गावभर सांगितलं. लोक म्हणाले, "मंग म्हशी काहून पाळता गा? मातीच पिळा." बाबांचं उत्तर ठरलेलं असे, "माझा साहेब खोटं नाही बोलत."

पुढे मी मातीच्याच प्रयोगशाळेत लागले. बाबा कॅन्सरनं वाडीच्या घरी पलंगावर होते, तेव्हा रीतसर परवान्यानं परदेशातून त्या मातीचा नमुना आमच्याकडे येणार असं ठरलं. त्यातली चिमूटभर घरी न्यायची परवानगी मी मागून घेतली. बाबांना सांगितलं. ते रोज विचारू लागले.

नमुना आला त्या दिवशी माझ्या यादीत अकरा कामं होती. पिशवी उघडली, नोंद केली, माती ट्रेमध्ये पसरून सावलीत वाळत घातली आणि पुढच्या कामावर खूण केली. आपल्या काळ्या मातीचं आम्ही असंच करतो: वाळवायची, कुटायची, चाळायची. पाणी दिलं की ती पुन्हा फुगते, चिकटते. राखेची माती एकदा पूर्ण वाळली की संपलं. तिचे कडक दाणे होतात, आणि कितीही भिजवलं तरी ती पहिल्यासारखी होत नाही. परीक्षेत मी हे व्यवस्थित लिहिलं होतं. आठवलं ते तिसऱ्या दिवशी, ट्रे उचलताना.

तरीही भिजवून घरी नेली. बाबांनी चिमटीत घेतली, दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"ही तर रेती आहे वं."

"बाबा, चूक माझी आहे. ओलीच ठेवायची होती. मी वाळवली."

"तू काहून चुकशील? झाडू मारायचीबी लिस्ट करते तू." ते हसले. "साहेबाले वाचवून राहिली."

मी पुस्तक आणून पान दाखवलं. त्यांनी चष्मा मागितला नाही. बोटं चादरीला पुसली.

रविवारी कन्हानहून त्यांचे चुलतभाऊ भेटायला आले. त्यांनी नेहमीसारखं चिडवलं, "काय गा, पिळली का माती?"

"नाही गा," बाबा म्हणाले. "तुमचंच बरोबर होतं. साहेब मजा करत होते माझी. मीच येड्यावानी सांगत फिरलो."

काकांना हसू आलं नाही. मी पुन्हा म्हणाले की माती मी बिघडवली. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पोरगी बापाची समजूत काढते आहे, असंच त्यांना वाटलं असणार. बाबांनी तर भिंतीकडे तोंड केलं होतं.

दुसरा नमुना मागवायचा अर्ज मी सोमवारी दिला. बाबा शुक्रवारी गेले.