मिलिंदने झाकून ठेवलेलं उत्तर

वहिनींचा फोन आला तेव्हा मी अर्दियाच्या गोदामात एसीचे सुटे भाग उतरवून घेत होतो. "नजीरभाई, मिलिंद गेले... ऑफिसात, खुर्चीतच," एवढंच त्या बोलल्या. मंगफला त्यांच्या घरी पोहोचेपर्यंत मी रडत होतो, आणि त्या रडण्यातच एकदम भीती वाटली. मिलिंदचा आकडा आता फक्त माझ्या डोक्यात उरला होता.

मिलिंद तेल कंपनीत इंजिनियर, मी दापोलीहून इथे आखातात आलेला दुकानदार. त्याच्या घरचा एसी बिघडला म्हणून आमची ओळख झाली आणि आमच्या घरून जाणाऱ्या सांदणांच्या डब्यांमुळे टिकली, असं तो सगळ्यांना सांगायचा. त्याला वेड मात्र आकाशाचं. आकाशगंगांच्या कडेचे तारे इतक्या वेगाने फिरतात, की जे दिसतं त्याची ओढ त्यांना धरून ठेवायला पुरत नाही. मग एक तर तिथे न दिसणारं काहीतरी, म्हणजे कृष्ण पदार्थ आहे, नाहीतर ओढ फार क्षीण झाली की गुरुत्वाकर्षणाचा आपला नियमच चुकतो. हे तपासायला तो एकमेकांपासून खूप लांब राहून एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्या बघायचा. दुर्बिणींची माहिती जगाला खुली असते, ती घेऊन शुक्रवारच्या सुट्टीचा अख्खा दिवस कम्प्युटरपुढे. जोड्या नियमापेक्षा वेगाने फिरताना सापडल्या, तर नियम चुकीचा.

पण त्याला धास्ती होती ती स्वतःचीच. मनासारखं उत्तर दिसलं की माणूस तपासणं थांबवतो, असं तो म्हणायचा. म्हणून या लोकांची एक रीत असते, उत्तर स्वतःपासूनच झाकून ठेवायचं. त्याने एक प्रोग्रॅम लिहिला आणि मला बोलावलं. मी त्यात मनातला एक आकडा घातला, त्या आकड्याने सगळे वेग बदलले, ताऱ्यांची नावं पुसली गेली, आणि आकडा कुठेच नोंदला गेला नाही; मीही तो कुठे लिहायचा नाही, असं ठरलं. सगळ्या तपासण्या संपल्या की मी तो सांगायचा आणि खरं उत्तर उघडायचं. मीच का, असं विचारलं तर हसून म्हणाला, "यातलं काही कळत नाही आणि तोंडही बंद ठेवतो, असा तू एकच आहेस."

शेवटची तपासणी राहिली होती. काही जोड्यांत एखाद्या ताऱ्याच्या आड तिसरा तारा लपलेला असतो, तो उगाच वेग वाढवतो. अशा जोड्या बाजूला काढायच्या होत्या. ते काम आता त्याची मुलगी ईरा करते आहे. दिवसकार्य झाल्यावर मी तिला आकडा सांगायला गेलो, तर ती घाबरून मागे सरकली. "काका, डोन्ट टेल मी. मला कळलं तर बाबांचं सगळं वाया जाईल."

तेव्हापासून मला गाडी चालवायची भीती वाटते. हायवेवर मागून कुणी दिवे मारत आलं, की मी मोठ्याने आकडा म्हणतो. छातीत जरा कळ आली तरी घाम फुटतो. मिलिंदही सकाळी धडधाकटच घरातून निघाला होता ना... मी गेलो तर त्या पोरीला सगळं पहिल्यापासून करावं लागेल, आणि त्यात तिच्या बापाचं काही उरणार नाही.

शेवटी वहिनींनीच ईराला कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, दूध आणायला पाठवलं आणि म्हणाल्या, "मला सांगा. मला त्यातलं काही कळत नाही." मी सांगितला. त्यांनी तो ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला, आणि माझी भीती त्यांच्या चेहऱ्यावर उतरलेली मला दिसली.

आता रोज संध्याकाळी, मिलिंदच्या चहाच्या वेळेला, त्यांचा फोन येतो. त्या आकडा म्हणतात, मी "बरोबर" म्हणतो, दुसरं बोलणं नाही. परवा फोन वेळेवर आला नाही. मी किल्ली घेऊन जिना उतरत होतो तेव्हा वाजला. "ईरा आज घरातच आहे, म्हणून गच्चीवर आले," वहिनी धापा टाकत म्हणाल्या. मग त्यांनी आकडा म्हटला. मी "बरोबर" म्हटलं आणि तिथेच पायरीवर बसलो.