पाहुण्यांना पुढे करणारा म्हातारा

मंडळी, आज शनिवारी सकाळी साडेअकराला मी जयनगरच्या कॅसेटच्या दुकानात हेडफोन लावून उभा होतो. माझा आवडता पॉप-फंक गायक कित्येक वर्षांनी नवा अल्बम घेऊन आलाय. पण प्रत्येक गाण्यात एक तरुण पाहुणा गायक नाहीतर गायिका! म्हातारा झाकला जाणार, याची मला धास्ती होती.

"अण्णा, यात तो स्वतः कुठंय?"

कानडी दुकानदार हसले. "गाणं सोडा, स्वल्प... जरा बेस गिटार ऐका. ती तोच वाजवतो."

ऐकली. गाणारी पाहुणी श्वास घेते तेवढ्या जागेत तो दोनच सूर वाजवतो, आणि पाय आपोआप हलतात. बाकी वेळ तिला सांभाळून घेतो. काय माणूस आहे!

आमच्या गणपतीच्या ऑर्केस्ट्रात मी बेस वाजवतो आणि एक गाणं म्हणतो. ते यंदा नव्याने आलेल्या स्नेहाला द्या, असं सगळे सांगत होते. मी अडून बसलो होतो. दुकानातल्याच फोनवरून तिला फोन लावला.

"गाणं तू म्हण. मी नुसता वाजवतो."

"खरंच? मग ठेका चुकू नकोस हं!"

तुम्ही असं कधी काही सोडलंय का?

कॅसेटचे पंचावन्न रुपये दिले. सुटे नव्हते, म्हणून फोनचा एक रुपया अण्णांकडे उधार राहिला. गाणं मात्र देऊन टाकलं.