त्र्याण्णव वर्षांच्या आईला लाल कापड

कुमासी शहरातल्या बांतामा बाजारात आफिया बिरागो केंके विकते. मक्याचं पीठ आंबवून, कणसाच्या सालीत बांधून उकडलेले हे गोळे खावेत तर तिच्याच हातचे. तिचा एक हट्ट आहे: गोळा कच्चा निघाला, तर अर्धा खाल्लेलाही परत घ्यायचा आणि वर हसून दुसरा द्यायचा. अशी बाई दुसऱ्याचा खोटा माल मुकाट्याने घेईल, हे शक्यच नव्हतं.

तिची आई त्र्याण्णवाव्या वर्षी, पतवंडं खेळवून गेली. असं भरल्या घरातून कुणी गेलं की आम्ही पांढऱ्यावर काळी नक्षी असलेलं कापड नेसतो. लाल असतं ते अवेळी गेलेल्यांसाठी. बाजारात मनासारखी नक्षी मिळेना, म्हणून बिरागोने फोनवर चित्र बघून अख्ख्या घरासाठी कापड मागवलं. शनिवारी अंत्यविधी, आणि मंगळवारी गठ्ठा उघडला तर आत लालभडक!

तिने गठ्ठा तसाच घरच्यांपुढे ढकलला.

“नेसू हेच,” थोरला भाऊ दापा म्हणाला. “फोनशी कोण भांडत बसणार?”

“दादा, आईला लाल? लोक म्हणतील, म्हातारीला हाल करून मारली!”

तिने विक्रेत्याला फोन लावला. आक्रा शहरातल्या एबो क्वानसाचा आवाज मधाळ होता. “मावशी, मयतासाठी हवंय, असं तुम्हीच लिहिलंत ना? म्हणून तर चांगल्यातलं लाल काढून पाठवलं. आता उघडलेला गठ्ठा आम्ही परत घेत नाही.”

“न उघडता रंग कळणार कसा रे? हुंगून?” बिरागो कडाडली. “तुझ्या चित्रात पांढरं आहे, खाली लिहिलंयसही पांढरंच. दाखवलंस ते दिलं नाहीस, तर बदलून देणं हे तुझे उपकार नाहीत, माझा हक्क आहे! मी केंके म्हणून दगड बांधून देते का? ते चित्र ठेवलंय मी. उद्या तेच घेऊन ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कचेरीत जाऊन बसते.”

एबोने आवाज खाली आणला.

“गेलं कोण, मावशी?”

“आई. त्र्याण्णव वर्षांची.”

“अरे देवा! त्र्याण्णव? आणि मी लाल पाठवलं? माझ्या आजीला कळलं तर चपलेने हाणेल मला. वय तरी लिहायचंत!”

“पांढरं कापड घ्यायला वयाचा दाखला लागतो होय?”

तो ओशाळून हसला. “चुकलंच माझं. आज रात्रीच्या बसने पांढरं पाठवतो. लाल त्याच ड्रायव्हरकडे द्या, भाडं माझं.”

बुधवारी सकाळी बसस्थानकातच तिने गठ्ठा टराटरा फाडला. पांढरंशुभ्र, त्यावर काळी पानं. हुश्श! बिरागो तिथल्याच बाकावर मटकन बसली आणि धाय मोकलून रडायला लागली. आई गेल्यापासून पाहुणे, मांडव, कापड यांत तिचं रडायचंच राहून गेलं होतं.

ड्रायव्हर घाबरून धावत आला. “मावशी, पुन्हा चुकीचं आलं की काय?”

“नाही रे बाबा,” ती कापड छातीशी धरून म्हणाली. “बरोबर आलंय. आता निवांत रडू दे मला.”