खलबत्त्यातली गोळी

हिंगणघाटच्या जिनिंगमधी सगळ्यात तेज पळणारा माणूस मीच होतो. फक्त माही धाव कापसातून रुई अन् सरकी अलग करणाऱ्या रेच्यापासून संडासापावतर असे, अन् तिथंबी कदी कदी उशीर होऊन जाय.

दिवसातून दहा-बारा खेपा. रक्त पडे. मले वाटलं मूळव्याध असन, लाजंपायी कोणाले सांगतलं नाई. मंग एक दिवस कापसाच्या गंजीपाशी चक्कर येऊन पडलो, तवा बायकोनं वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीनबाईनं दुर्बीण घालून पाह्यलं.

"मोठ्या आतड्याला जखमा आहेत," थे म्हणे. "हा आजार जात नाही, झोपवून ठेवावा लागतो. गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं तरी."

"कुठपावतर?"

"आहे तोपर्यंत."

"कोण, गोळी का मी?"

थे हासली नाई.

दोन वर्स मस्त गेले. रक्त बंद. लग्नाच्या पंगतीत तर्री वरपली, म्हटलं जिंकलो आपण. अन् एका सकाळी खाली पाह्यतो तं गोळी जशीच्या तशी बाहेर! लाल रंगबी गेला नोता. दुसऱ्या दिवशी अजून एक. म्हणजे दोन वर्स मी गोळीले नुसतं पोट फिरवून आणत होतो?

डॉक्टरनीले इचाराले लाज वाटली. "बाई, तुमची गोळी संडासात भेटली," असं कोण्या तोंडानं सांगावं? मंग आपलंच डोकं चालवलं. बायको ज्याच्यात लसूण-मिरची कुटे तो खलबत्ता घेतला, गोळीचा भुगा केला, पाण्यात ढवळून प्यालो. कडू जहर. म्हटलं, कडू लागली म्हणजे आता लागू पडन.

दोन मयने असंच चाललं. बायको इचारे, "अजी, चटणी काऊन कडू लागून राह्यली?" मी म्हणो, "तुह्या हाताची चव असन." आपल्याच इनोदावर मी एकटाच हासो.

मंग रक्त सुरू झालं. पह्यल्यापेक्षा जास्त. तरी मी आठ दिवस दडवलं. शेवटी बायकोनंच धोतर धुताना पाह्यलं अन् पुन्हा वर्ध्याले नेलं. तिथं मले खलबत्त्याचं कबूल करा लागलं.

डॉक्टरनीनं कपाळाले हात लावला. "अहो, त्या गोळीचं कवच मोठ्या आतड्यात जाऊन झिरपू लागतं. औषध तिथं उतरतं अन् रिकामं कवच तसंच बाहेर पडतं. तुम्ही कुटलीत, म्हणून औषध वरच संपलं. जखमेपर्यंत पोचलंच नाही."

आता स्टिरॉइड चालू आहे. तोंड असं फुगलं का शेजारी म्हणते तब्येत सुधरली. यानंबी रक्त नाई थांबलं तं मोठं आतडं काढून पोटाले बाहेरून संडासची पिशवी लावन म्हणते. मले अजून कळून नाई राह्यलं का हे मले झालं का मीच करून घेतलं.

दवाखान्याच्या बाकड्यावर बायको फाईल छातीशी धरून बसली होती. मी म्हटलं, "पिशवी लागली तं बरंच हाये. पळाचं तं वाचन."

तिनं माह्याकडं पाह्यलंबी नाई.

"तीस वर्स रेच्यापाशी उभे राह्यले," थे म्हणे, "अन् रुई निघाल्यावर सरकीच बाहेर पडते, एवढं नाई समजलं तुमाले?"